सरीत सापडलेला ड्रोन

जून लागला की घाटमाथ्यावर ड्रोनवाल्यांची वर्दळ सुरू होते. धबधबे, दरीतून वर चढणारे ढग, हिरवे पडलेले कडे… छंद म्हणून ड्रोन उडवणाऱ्याला वर्षातलं सगळ्यात देखणं चित्रण याच तीन-चार महिन्यांत मिळतं. ड्रोन भिजतात, भरकटतात, दरीत जातात तेही याच दिवसांत. म्हणून ‘माझा ड्रोन पावसात उडेल असा करून घेता येईल का?’ हा प्रश्न पावसाळ्याच्या तोंडावर हटकून निघतो. प्रामाणिक उत्तर असं आहे की छंदाचा कॅमेरा ड्रोन घरच्या घरी पूर्ण जलरोधक होत नाही. पण उडत असताना अचानक सर आली तर तो शाबूत राहून चार-पाच मिनिटांत परत खाली उतरेल, इतपत तयारी नक्की करता येते. ही चार-पाच मिनिटं मिळवण्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप आहे. पाऊस पडत असताना मुद्दाम उड्डाण करायचं नाही, हे मनाशी पक्कं ठेवूनच पुढचं वाचा.

आधी हातातलं यंत्र काय ताकदीचं आहे ते बघू. पाणी आणि धूळ रोखण्याची क्षमता ‘आयपी’ या आंतरराष्ट्रीय दर्जाने मोजतात. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ४ असेल तर कुठल्याही बाजूने उडालेले शिंतोडे चालतात, ५ असेल तर पाण्याची धार चालते, ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालतं. डीजेआयचा मॅट्रिस ३० हा व्यावसायिक ड्रोन आयपी ५५ दर्जाचा आहे, स्वेलप्रोचा स्प्लॅशड्रोन ४ आयपी ६७ दर्जाचा. आपल्यापैकी बहुतेकांकडे असतात ते डीजेआयच्याच मिनी, एअर, मॅव्हिक या मालिकांतले ड्रोन. त्यांना असा कुठलाच दर्जा दिलेला नाही. पाऊस, धुकं आणि बर्फ पडत असताना उडवू नका, असं त्यांच्या माहितीपुस्तिकेतच छापलेलं असतं. पाण्याने झालेला बिघाड साध्या हमीत बसत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडे बंदी आहे. सुटे भाग आणायला ती आडवी येत नाही, पण अख्खा ड्रोन गेला तर त्याच्या जागी दुसरा सहज मिळेल हे गृहीत धरू नका.

पाण्याने ड्रोनचं नेमकं काय बिघडतं? मोटरींची चिंता तुलनेने कमी. ब्रशलेस मोटरच्या तांब्याच्या तारेवर इनॅमलचा थर असतो, त्यामुळे ती ओली झाली तरी फिरत राहते. तिथे गंजतं ते बेअरिंग. खरा धोका सर्किट बोर्डांना असतो. पावसाचं पाणी स्वतः फारसं विद्युतवाहक नसतं, पण बोर्डावर बसलेली धूळ, घामाचा खार, सोल्डरिंगच्या वेळचा उरलेला फ्लक्स त्यात विरघळला की ते वीज वाहून नेऊ लागतं. शेजारशेजारच्या दोन टाक्यांमध्ये व्होल्टेजचा फरक असेल तर त्या ओलीतून तांबं हळूहळू एका टाक्याकडून दुसऱ्याकडे सरकतं, हिरवट-पांढरा चुरा जमतो आणि एक दिवस दोन्ही टाके जोडले जातात. म्हणूनच भिजलेला ड्रोन त्या दिवशी व्यवस्थित उडतो आणि आठवड्याने हवेत असताना एक मोटर बंद पडते. ‘भिजला होता, पण चालतोय की’ हे वाक्य ड्रोनच्या बाबतीत भरवशाचं नाही.

यावरचा उपाय म्हणजे बोर्डांवर पारदर्शक संरक्षक लेप चढवणं. ‘कॉन्फॉर्मल कोटिंग’ या नावानेच तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. स्वतः जुळवलेले एफपीव्ही ड्रोन उडवणारी मंडळी हे काम सर्रास करतात. लेप ॲक्रिलिकचा असतो किंवा सिलिकॉनचा. ॲक्रिलिकचा लवकर सुकतो आणि पुढे दुरुस्तीला अडचण करत नाही, कारण त्याच्यावरूनच सोल्डरिंग करता येतं. सिलिकॉनचा लवचिक राहतो आणि तापमानाचे चढउतार जास्त सोसतो, म्हणून मोटरींना वीज पुरवणाऱ्या तापणाऱ्या बोर्डांसाठी मी तोच सुचवेन. नेलपॉलिशने काम भागतं असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. नेलपॉलिश उष्णतेने कडक होऊन तडकतं आणि त्या तड्यांतून शिरलेलं पाणी आत अडकून बसतं.

हे काम करायची वेळ मे महिना. हवा कोरडी असावी लागते, नाहीतर बोर्डावरची ओल लेपाखाली कोंडली जाते आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तेच उलटतं. बोर्ड आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा. हात धुवायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात. धुऊन झाल्यावर दोन-तीन तास पंख्याखाली वाळू द्या. मग जिथे लेप लागता कामा नये त्या जागा झाका: यूएसबीचं तोंड, मेमरी कार्डची खाच, बॅटरीचे संपर्क, बटणं, रिबन केबलचे कनेक्टर, आणि धातूच्या उष्णताशोषक पट्टीला टेकणारा भाग.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे बॅरोमीटर. ही चिप जेमतेम दोन-अडीच मिलीमीटरची असते आणि तिच्या डोक्यावर सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्या भोकातून ती हवेचा दाब मोजते, त्या दाबावरून ड्रोनला आपली उंची कळते. काही बोर्डांवर तिच्यावर काळ्या स्पंजचा तुकडा चिकटवलेला असतो, त्यावरून ती ओळखता येते. स्पंज नसेल तर भिंग घेऊन शोधा. लेपाचा एक थेंब त्या भोकात गेला की ड्रोन हवेत वरखाली होत राहील आणि कारण तुम्हाला सापडणार नाही. तिच्यावर उष्णतारोधक पिवळी टेप लावा आणि लेप वाळल्यावर आठवणीने काढा.

लेपाचा ब्रश हलका ठेवा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर बरे. चिपच्या पायांच्या ओळी, बोर्डाच्या कडा आणि खालची बाजू या जागा हटकून राहून जातात. बऱ्याच लेपांमध्ये अतिनील प्रकाशात निळसर चमकणारं द्रव्य मिसळलेलं असतं. खोलीत अंधार करून अतिनील टॉर्च मारला की लेप लागलेला भाग उजळतो आणि राहिलेले ठिपके काळे दिसतात. ही तपासणी टाळू नका, उघड्या डोळ्यांना पारदर्शक लेपातली भोकं दिसत नाहीत. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा. नंतर पूर्ण एक दिवस बोर्डाला हात लावू नका.

आता एक स्पष्ट सल्ला. घडीचा तयार कॅमेरा ड्रोन हमीत असेल, किंवा तुम्ही आजवर सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नसेल, तर तो उघडू नका. या ड्रोनच्या आत बोर्डांवर धातूची झाकणं असतात, त्यांच्यात आणि उष्णताशोषकात उष्णतावाहक पेस्ट असते, कॅमेरा तोलून धरणाऱ्या गिंबलची रिबन केबल कागदाइतकी नाजूक असते. लेप देण्याच्या नादात ती तुटली तर पावसाची वाट बघायचीही गरज उरत नाही. अशा ड्रोनसाठी बाहेरून करता येण्यासारखं थोडंच आहे, पण ते उपयोगी आहे. बॅटरी बसवल्यावर तिच्या आणि सांगाड्याच्या मधली वरची फट पुसून कोरडी ठेवा आणि उड्डाणापुरती पातळ विद्युतरोधक टेपने झाका. हवा जाण्यायेण्याची भोकं मात्र बुजवू नका. प्रोसेसर तापतो, आणि उड्डाणाआधी जमिनीवर उभा असताना तर त्याला पंखांचा वाराही मिळत नसतो. परदेशात काही ड्रोनसाठी रबरी अंगरखे विकले जातात. त्यातला कुठलाही घेतलात तरी तो घालून आधी कोरड्या हवेत दहा मिनिटं उडवून बघा, तापल्याचा इशारा येतो का ते तपासा. आणि कॅमेरा व गिंबल यांना यातलं काहीच वाचवत नाही, ते उघडेच राहतात.

पाऊस कुठला आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. आषाढात घाटमाथ्यावर पडणारी भुरभुर आणि एप्रिल-मेमधला किंवा परतीच्या दिवसांतला वळीव यांत जमीनअस्मानाचा फरक. भुरभुरीत ड्रोन हळूहळू भिजतो, तुम्हाला वेळ मिळतो. वळवात आधी वाऱ्याचा झोत येतो, मग विजा, मग टपोरे थेंब, आणि हे सगळं काही मिनिटांत. आभाळ काळवंडून वारा अचानक थांबला किंवा थंड झाला, तर ड्रोन पेटीतून काढूच नका. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप फोनवर ठेवा. आसपास वीज पडते आहे का ते ते दाखवतं. सर किती लांब आहे हे बघायला हवामान खात्याच्या रडारची चित्रं उपयोगी पडतात. पण घाटात सर्वांत खात्रीचं म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून समोरची डोंगररांग बघणं. ती रांग पुसट होऊ लागली की सर तिथवर पोचली असं समजा आणि उतरवायला घ्या.

वाऱ्याचा विचार पावसाइतकाच गंभीरपणे करावा लागतो. मिनी ३ किंवा मिनी ४ प्रो यांची वारा सोसण्याची मर्यादा सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३८ किलोमीटर सांगितलेली आहे. पावसाळ्यात कड्यावर याहून जोराचा झोत येणं नवलाचं नाही. नाणेघाटात पडणारं पाणी वाऱ्याने उलटं वर उडताना आपण बघतोच. तोच वारा ड्रोनलाही वर ढकलतो. कड्याच्या तोंडाशी ड्रोन खाली आणायचा प्रयत्न केला तर तो उतरतच नाही, कारण वर चढणारी हवा त्याच्या उतरण्याच्या वेगापेक्षा जोरात असते. अशा वेळी रिमोटची काठी खाली ओढत बसू नका. ड्रोन कड्यापासून आडवा दूर न्या, आणि चढती हवा जिथे संपते तिथे उतरवा. कड्याच्या मागच्या बाजूला याच्या उलट, हवा खाली कोसळत आणि घोंगावत असते. तिथे जमिनीलगत उडवणं टाळा.

पावसाळी वारा आपल्याकडे बहुतांशी पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. कड्यावर उभं राहून कोकणाच्या दिशेने ड्रोन सोडला तर जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून मिळतो. हे चांगलं आहे, बॅटरी कमी उरली तरी परतीची वाट सोपी असते. उलट, धरणाच्या पश्चिम काठावरून पूर्वेला पाण्यावर ड्रोन नेलात तर जाताना तो मजेत वाहत जाईल आणि येताना समोरचा वारा कापत यावं लागेल. अशी किती उड्डाणं जाताना सुखाची आणि येताना जीव टांगणीला लावणारी होतात! पावसाळ्यात बॅटरी ४० टक्क्यांवर आली की परत फिरा. ‘रिटर्न टू होम’साठी ॲप जो हिशोब करतं त्यात पुढच्या क्षणी येणारा झोत धरलेला नसतो.

त्याच ‘रिटर्न टू होम’ची उंची घाटात विचारपूर्वक ठरवा. ही आज्ञा मिळाल्यावर ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि मग परत निघतो. ती उंची तुम्ही सवयीने १०० मीटर ठेवली असेल आणि ढग ६० मीटरवर टेकले असतील, तर बटण दाबताच ड्रोन सरळ ढगात शिरेल. ढग म्हणजे बारीक थेंबच. तो तिथे भिजेल आणि दिसेनासाही होईल. आसपासच्या सर्वांत उंच झाडा-कड्याच्या वर दहा-पंधरा मीटर इतकीच ही उंची ठेवा, आणि ती उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते हे ध्यानात असू द्या. तेवढी जागा ढगाखाली शिल्लक नसेल तर त्या दिवशी उडवू नये. ड्रोन नियम २०२१ नुसार हिरव्या क्षेत्रातली कमाल मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर आहे. ठिकाण हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येतं ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघून घ्या. गड संरक्षित स्मारक असेल किंवा परिसर अभयारण्याचा असेल तर वेगळी परवानगी लागते.

सर येऊन आदळलीच तर काय होतं? पहिला त्रास सेन्सरना. अडथळे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर थेंब बसला की त्यांना अगदी जवळ काहीतरी असल्याचा भास होतो आणि ड्रोन आपणहून थांबतो किंवा मागे सरकतो. खालचे कॅमेरे वाहत्या पाण्यावर फसतात, पाणी सरकतं तसा ड्रोनही सरकू लागतो. म्हणून ओढ्याच्या, धबधब्याच्या कुंडाच्या वर खालच्या उंचीवर तरंगत राहू नका. अडथळा-रोधक व्यवस्था ॲपमध्ये कुठून बंद करायची हे घरी बसून पाठ करा. मोकळ्या जागेत ड्रोन विनाकारण अडून बसला तर तेव्हा, आणि तेव्हाच, ती बंद करायची.

रेडिओ संपर्काची भीती मात्र अनाठायी असते. २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींना आपल्या अंतरावर पाऊस फारसा अडवत नाही. अडवतात ती ओली झाडी आणि मधे आलेला कडा. संपर्क अबाधित असतानाही हात मात्र फोनच्या पडद्यावर अडतो. पडद्यावर पडलेला थेंब बोटासारखा काम करतो, नको ती बटणं दाबली जातात, आणि ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही. फोन आणि रिमोट पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, शक्य असेल तर सोबत्याला छत्री धरायला सांगा. तोच सोबती ड्रोनवर नजर ठेवेल. परत आणण्याचं, थांबवण्याचं प्रत्यक्ष बटण रिमोटवर कुठे आहे हे बोटांना न बघता सापडलं पाहिजे.

चित्रणाबद्दल एवढंच सांगतो: वाऱ्याकडे, म्हणजे थेंबांकडे, कॅमेऱ्याचं तोंड करू नका. धबधब्यापासून मागे सरकत घेतलेला शॉट धबधब्याकडे झेपावणाऱ्या शॉटइतकाच छान दिसतो आणि काच कोरडी राहते. मागे सरकण्याआधी पाठीमागे काय आहे ते स्वतः बघून ठेवा. आणखी एक, गाडीतल्या एसीच्या गारव्यातून ड्रोन काढून थेट बाहेर ठेवला की काचेवर आणि आतही बाष्प धरतं. पोचण्याआधी एसी बंद करून काचा खाली करा, ड्रोनची पेटी पंधरा-वीस मिनिटं बंदच राहू द्या. गर्दीच्या धबधब्यावर, माणसांच्या डोक्यावर ओला ड्रोन कधीही नेऊ नका. कोरडा असला तरी नेऊ नये, पण ओल्याचा तर क्षणाचाही भरवसा नाही.

ड्रोन उतरला की लगेच बंद करून बॅटरी काढा. चालू होतो का हे बघायचा मोह आवरा, ओल्या बोर्डाला वीज मिळणं हेच घातक आहे. मेमरी कार्ड काढा, पंख काढा, मऊ सुती कपड्याने सांगाडा टिपा. गिंबलला हात लावू नका, फुंकणीच्या रबरी पंपाने तिथलं पाणी उडवा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची पद्धत सोडून द्या. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची भुकटी आत जाते. केस वाळवायचं गरम यंत्रही नको. घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून ड्रोन दोन-तीन दिवस त्यात ठेवा, बॅटरी बाहेर वेगळी. रंग बदलणारी सिलिका घ्या. नारिंगी असलेली हिरवी पडली की ती ओलीने भरली असं समजायचं, मग ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवली की पुन्हा वापरता येते.

ड्रोन समुद्रात पडला किंवा किनाऱ्यावर खाऱ्या तुषारांनी न्हाला असेल तर क्रम बदलतो. बॅटरी काढल्यावर तो आधी स्वच्छ गोड्या पाण्याने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग वाळवायचा. खार आत वाळला तर कितीही दिवस डब्यात ठेवून उपयोग नाही. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, ती घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. फुगलेल्या बॅटरीलाही हाच नियम.

ऑक्टोबरात ऊन पडलं की एकदा बसून सगळं तपासा. पंख काढून प्रत्येक मोटर बोटाने हळू फिरवा. खरखर जाणवली, एखादी मोटर बाकीच्यांपेक्षा आधी थांबली, तर त्या बेअरिंगला गंज चढला आहे. स्वतः जुळवलेल्या ड्रोनच्या बेअरिंगवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून बघा. तयार ड्रोनची मोटर बदलून घ्या. पंखांच्या कडा नखाने चाचपा, टवका उडालेला पंख टाका. स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस डाग दिसले तर ओल सांगाड्यापर्यंत गेली होती असं समजा आणि दुरुस्तीवाल्याकडून आतला बोर्ड बघून घ्या, दिवाळीच्या सहलीला नेण्याआधी.